आधी हिशेब, मग तिकीट

निखिल,

डिसेंबरातल्या लग्नाचं तिकीट अजून काढलं नसशील तर काढू नकोस, आणि काढलं असशील तर रद्द केल्यावर किती हातात पडतं ते आजच बघून घे. सख्ख्या चुलतबहिणीचं लग्न, तेही कोल्हापुरात, त्यात तुझ्या बाबांचा, म्हणजे दादाचा, फोनवर चढलेला आवाज, सगळं मला ठाऊक आहे. दादाशी मी बोलेन. तुला मात्र जे सांगतेय ते नीट ऐक. माझी अर्धी हयात इथे मिसिसागात गेली, आणि मंडळाच्या गणपतीत आरती झाली की चपला शोधता शोधता कुणीतरी मला हेच विचारतं, ‘ताई, कार्ड आहे, पण दिवस कमी आहेत. जाऊन येऊ का?’

पहिलं डोक्यात घे, की कार्ड म्हणजे पीआर नव्हे. कार्ड पाच वर्षांचं असतं. ते संपतं, हरवतं, नवं काढता येतं. पीआर, म्हणजे कॅनडातलं कायमचं वास्तव्य, हा कायद्याने मिळालेला दर्जा आहे आणि कार्डाची मुदत संपली म्हणून तो जात नाही. तो मुख्यतः जातो ते तू नागरिक झालास तर, स्वतः लिहून सोडून दिलास तर, नाहीतर अधिकाऱ्याने ‘दिवस कमी’ असा निर्णय दिला आणि तो शेवटपर्यंत टिकला तर. ज्या दिवशी हिशेब तुटीत जातो त्या दिवशी काहीच घडत नाही. ना पत्र येतं, ना फोन. घडतं ते कुणी अधिकारी तुला समोर उभं करून मोजायला बसतो तेव्हा. आणि घरी बसलेल्या माणसाचे दिवस मोजायला कुणी दारात येत नाही. तू विमानतळावर उतरलास की मोजून घ्यायला स्वतःच्या पायांनी गेलास, असं समज. तुझ्या लग्नाच्या प्रवासात सगळी गोम आहे ती एवढीच.

आता नियम. इथला इमिग्रेशन कायदा २००१ सालचा, लागू झाला २००२च्या जूनमध्ये. त्याचं कलम २८ सांगतं, की कुठल्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात अंगाने हजर हवेत. ते सलग नसले तरी चालतात. दिवसाचा थोडा भाग इथे गेला तरी अख्खा दिवस धरतात, म्हणजे निघालास तोही दिवस आणि पोचलास तोही दिवस तुझ्या खात्यात. पीआर होऊन पाच वर्षं झाली नसतील तर अधिकारी पुढचंही बघतो, उरलेल्या काळात ७३० जमू शकतात का. पाच वर्षं उलटली की तपासणीच्या दिवसापासून मागे पाच वर्षं मोजायची, आधीचं सगळं पुसलं जातं.

लोक गोंधळतात ते इथेच. त्यांना वाटतं कार्डाची पाच वर्षं आणि हिशेबाची पाच वर्षं एकच. तसं नाही. हिशेबाचं रहाटगाडगं रोज फिरतं. इकडे आजचा एक दिवस भरतो, तिकडे पाच वर्षांपूर्वीचा एक दिवस रिता होतो.

तुझ्यावरच लावून बघू. तुझं लँडिंग १६ ऑगस्ट २०२१चं. ५ सप्टेंबरला तू पुण्याला परत गेलास. सगळे करतात तसं सॉफ्ट लँडिंग. ते झाले २१ दिवस. मग पुण्याची नोकरी, दादाची बायपास, प्राजक्ताचा प्रोजेक्ट, आणि तुम्ही तिघं खरे राहायला आलात १ फेब्रुवारी २०२५ला. तुझी पहिली पाच वर्षं पुरी होतात १५ ऑगस्ट २०२६ला. तू आल्यापासून त्या तारखेपर्यंत एकही दिवस बाहेर न जाता होतात ५६१. आधीचे २१ मिळवले तरी ५८२. म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत तू पिअर्सन विमानतळावर उतरलास तेव्हाच हिशेब जुळण्यासारखा नव्हता. अधिकाऱ्याने वैध कार्ड बघितलं, ‘वेलकम होम’ म्हणाला आणि सोडलं. त्याने विचारलं नाही हे तुझं नशीब. त्याला परवानगी समजू नकोस, आणि दर वेळी तसाच माणूस भेटेल असंही धरून चालू नकोस.

पुढे बघ. ऑगस्ट-सप्टेंबर २०२६ उलटले की ते जुने २१ दिवस खिडकीबाहेर जातात. उरतात फक्त १ फेब्रुवारी २०२५पासूनचे. बाहेर पाऊल न टाकता राहिलास तर सातशे तिसावा दिवस येतो ३१ जानेवारी २०२७ला. रविवार आहे, मी दिनदर्शिकेत बघून ठेवलंय. तुझा बेत काय, तर १२ डिसेंबरला निघायचं, ३ जानेवारीला यायचं. निघताना तुझ्या गाठीला ६८०. पन्नास कमी! त्यात तुझं कार्ड ऑक्टोबरात संपतंय, म्हणजे मुंबईच्या काउंटरवरची पोरगी तुला बोर्डिंग पासच देणार नाही. पन्नास दिवसांसाठी तू सगळा डाव पटावर मांडायला निघालायस. लग्न नवं कार्ड हाती आल्यावर असतं तर मीच तुला शालू-शेला घेऊन धाडलं असतं.

प्राजक्ताचा आणि लेकीचा हिशेब वेगळा कागद घेऊन कर. कुटुंबाचा एकत्र हिशेब नसतो, माणशी असतो. प्राजक्ता मधे आठवडाभर दुबईला ट्रेनिंगला गेली होती, आठवतंय ना? तेवढी तिची तारीख पुढे सरकते.

कागद कसा मांडायचा तेही सांगते. वहीचं पान घे, चार रकाने पाड. निघाल्याची तारीख, आल्याची तारीख, देश, पुरावा. पुराव्यात पासपोर्टाच्या पानाचा नंबर लिही. भारतात निघताना-येताना शिक्का बसतो, इकडे हल्ली किऑस्कवर काम उरकतं आणि शिक्का बऱ्याचदा नसतोच. म्हणून बोर्डिंग पास आणि ई-तिकिटं जपायची. जुना, रद्द झालेला पासपोर्ट कोपरा कापून परत देतात, तो माळ्यावर टाकू नकोस. शंका असेल तर तुझ्या येण्याजाण्याची सरकारी नोंद सीबीएसएकडून, म्हणजे इथल्या सीमा यंत्रणेकडून, मागवता येते, ती आधी मागव आणि वहीशी ताडून बघ. कारण तुझ्याकडे नोंद नसली तरी त्यांच्याकडे असते. २०१९पासून जमिनीवरच्या सीमेवर सगळ्यांची आणि २०२०पासून विमानाने बाहेर जाणाऱ्यांची नोंद ते ठेवतात. अमेरिकेत शिरलास की ती माहिती अमेरिका कॅनडाला देते. पूर्वी गाडीने बफेलोला जाऊन तिथून उडणारे महाभाग होते, शिक्का नाही म्हणून गेलोच नाही म्हणायचे. ते दिवस गेले.

बफेलोवरून आठवलं. उन्हाळ्यात पाहुणे आले की नायगारा, आणि नायगारा झाला की पलीकडचा आऊटलेट मॉल, हे आपल्या लोकांचं ठरलेलं. सकाळी जाऊन संध्याकाळी आलास तर दिवस कापला जात नाही, हे खरं. पण परतताना पुलावरच्या खिडकीत बसलेला अधिकारीही तोच सीबीएसएचा आणि त्याच्या हातातही तेच कलम. विमानतळावर जे होऊ शकतं ते तिथेही होऊ शकतं. चार जोडी बुटांवर वीस डॉलर वाचवायला जानेवारीअखेरपर्यंत पूल ओलांडू नकोस. नायगारा या बाजूनेच जास्त चांगला दिसतो.

आता तुझ्या मित्राने सांगितलेली ती ‘आयडिया’. म्हणे मिसिसागाच्याच कंपनीचं काम पुण्यात बसून लॅपटॉपवर केलं, पगार डॉलरमध्ये आला, की ते दिवस धरतात. असं नसतं रे. बाहेरचे दिवस धरायची सोय आहे, पण ती मोजक्या लोकांना. कॅनडातल्या खऱ्या, चालत्या कंपनीने किंवा इथल्या सरकारने तुला पूर्ण वेळाच्या कामावर बाहेर पाठवलं असेल, इथली नोकरी कायम असेल आणि काम संपल्यावर तू इथे परत येणार असशील, तर. ‘पाठवलं’ हे पत्रात लिहिलेलं लागतं. तू तुझ्या सोयीने तिकडे बसून काम केलंस तर ते पाठवणं होत नाही. आणि दिवस दाखवण्यापुरती काढलेली कागदी कंपनी तर नियमातच बाद केलेली आहे.

दुसरी सोय नवरा-बायकोची. जोडीदार कॅनडाचा नागरिक असेल आणि तुम्ही बाहेर एकत्र राहत असाल, तर पीआर असलेल्याचे दिवस धरतात. पीआर जोडीदाराला कॅनडाच्या कंपनीने वर सांगितलं तसं पाठवलं असेल, तरी धरतात. लहान मुलांना आई-बापाच्या मागे तीच सवलत. पण ही सवलत उलट्या दिशेने चालत नाही, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना फटका बसतो तो इथेच. आपल्या ओळखीतले एक आजी-आजोबा, मुलगा कॅनडाचा नागरिक. मुलाने बंगळुरूला नोकरी घेतली, हे दोघं त्याच्याकडे राहायला गेले. त्यांची ठाम समजूत, की नागरिकासोबत राहतोय तर दिवस चालू आहेत. नागरिक मुलासोबत राहणाऱ्या आई-बापाचे दिवस धरत नाहीत. कायद्यात नवरा, बायको, जोडीदार आणि मुलाच्या बाबतीत आई-बाप, एवढेच आहेत. आजींना हे कळलं तेव्हा साडेतीन वर्षं निघून गेली होती. त्या फार संतापल्या, आणि मला तो संताप पटला. सुनेचं बाळंतपण, नातवाचं आजारपण काढणाऱ्या बाईला सांगायचं, की तुमची सोबत ती सोबत नाही!

अमेरिकेतल्या एडिसनची मावशी तुला फोनवर काय सांगते ते कानामागे टाक. तिचं ग्रीन कार्ड, तुझा पीआर. तिच्या देशात ७३०सारखा दिवसांचा आकडाच नाही. तिथे प्रश्न असतो तो ‘तू घर सोडलंस का’ हा. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की चौकशी, वर्षाच्या वर राहिलं की नुसत्या कार्डावर येता येत नाही, आणि आधी री-एंट्री परमिट काढून ठेवायचं तर तो अर्जही अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इकडे री-एंट्री परमिट नावाची चीजच नाही. ‘सहा महिन्यांनी एक चक्कर मारून ये’ हा तिचा सल्ला तिकडेही धड लागू पडत नाही, इकडे तर मुळीच नाही.

देव न करो, पण दादाचं काही झालं आणि जावंच लागलं, तर? तर जायचं. ७३० दिवसांसाठी बापाला शेवटचं न भेटणं मला मान्य नाही, आणि कायद्यालाही अगदी तसं अपेक्षित नाही. त्याच कलमात माणुसकीची वाट ठेवलेली आहे, वकील तिला एच अँड सी म्हणतात. का गेलास, का थांबलास, संधी मिळताच परतलास का, इथे तुझं काय उभं आहे, दर्जा गेला तर कुणाचे हाल होतील, आणि लहान मुलाचं हित कशात आहे, हे सगळं बघून अधिकारी तूट माफ करू शकतो. करायलाच हवी असं नाही, करू शकतो.

तेव्हा जाताना एक फाईल कर. हॉस्पिटलचे कागद इंग्रजीत, त्यावर तारखा. निरोप मिळाल्याची तारीख आणि तिकिटाची तारीख यांत अंतर कमी. परतीचं तिकीट आधीच काढलेलं. इकडचं घरभाड्याचं ॲग्रीमेंट, पगाराचा टी-फोर, टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट, लेकीच्या शाळेचं पत्र. प्राजक्ता आणि लेक इथेच राहिल्या तर उत्तम, एक तर त्यांचे दिवस चालू राहतात आणि दुसरं, तुझं बिऱ्हाड इथे आहे हे सांगावं लागत नाही. आणि कार्ड संपायच्या आत परत ये. ऑक्टोबरच्या आधी आणि ऑक्टोबरच्या नंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो असा.

कार्ड वैध असताना आलास तर विमानात बसता येतं. इथे उतरलास की तू तुझ्या देशाच्या दारात आहेस. पीआर आहे हे पटलं की अधिकाऱ्याला तुला आत घ्यावंच लागतं, परत पाठवता येत नाही. फार तर तो आतल्या खोलीत बसवतो. त्या खोलीत मी दुसऱ्या कुणाबरोबर दुभाषी म्हणून बसलेय. प्लास्टिकच्या खुर्च्या, मोबाईल बंद ठेवायची पाटी, काउंटरपलीकडे स्क्रीनकडे बघत तारखा उतरवणारा गणवेशातला पोरसवदा माणूस. आवाज न चढवता तो एकच प्रश्न तीन तऱ्हेने विचारतो. बाहेर किती दिवस होतात, शेवटचं सलग कधी राहिलात, घर कुठे आहे. आपला माणूस अशा वेळी घाबरून गोड बोलायला लागतो आणि नको ती माहिती देतो. विचारलं तेवढंच सांग, पण खरं सांग. कारण सांगायचं असेल तर तिथेच सांग आणि फाईल पुढे कर.

त्याला तूट दिसली आणि कारण पटलं नाही, तर तो रिपोर्ट लिहितो. मग वरचा अधिकारी बघतो, आणि त्यालाही पटलं नाही तर देश सोडण्याचा हुकूम निघतो. नाव भयंकर आहे, पण त्या रात्री तू टॅक्सी करून घरीच येतोस. हुकुमाविरुद्ध अपिलाला ३० दिवस मिळतात, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे. अपील चालू असेपर्यंत तू पीआरच असतोस, नोकरी करू शकतोस, वर्षाचं कार्डही मिळतं. पण रिपोर्ट लिहिला गेला त्या दिवसापासून पुढचे दिवस हिशेबात धरत नाहीत. ‘आता राहून पन्नास भरतो’ ही सोय संपली. अपील हरलास तर ३० दिवसांत जायचं आणि गेल्याची नोंद करून जायचं, नाहीतर तोच हुकूम डिपोर्टेशनचा होतो आणि खास परवानगीशिवाय परतीचं दार उघडत नाही. त्या खोलीत आणखी एक कागद पुढे येऊ शकतो, पीआर राजीखुशीने सोडल्याचा. प्रवासाने शिणलेला माणूस ‘सही करा, मोकळे व्हा’ ऐकून सही करतो. वाचल्याशिवाय आणि वकिलाशी बोलल्याशिवाय त्यावर सही करायची नाही.

आणि कार्ड संपलेलं असताना भारतात अडकलास, तर पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागावं लागतं. फी पन्नास डॉलर, ती काही अडचण नाही. अडचण ही, की तो अर्ज म्हणजेच मोजणी. अधिकारी तुला न बघता कागदावर निर्णय देतो, आणि तू कॅनडाच्या बाहेर आहेस. नकार आला तर ६० दिवसांत अपील. मागच्या ३६५ दिवसांत एकदा जरी इथे येऊन गेला असशील आणि अपील दाखल असेल, तर त्या आधारावर इथे यायला डॉक्युमेंट द्यावंच लागतं. हे फार लोकांना माहीत नसतं. तुला लागू पडेल, पण तेवढ्यासाठी तिथपर्यंत जाऊ नये.

आणखी एक वाट लोक कुजबुजत सांगतात. अमेरिकेचा व्हिसा असेल तर अमेरिकेत उतरायचं आणि खासगी गाडीने पुलावरून यायचं, कारण कार्ड बघितल्याशिवाय न घेण्याची अट विमान, बस, रेल्वेला आहे, घरच्या गाडीला नाही. कायद्याने यात काही वावगं नाही. संपलेलं कार्ड आणि लँडिंगचा कागद दाखवला, ओळख पटली की आत घेतात. पण मोजणी टळते असं जे सांगतात ते खोटं. पुलावर मोजतात, आणि कार्ड संपलेलं बघून जरा जास्तच काळजीने मोजतात.

खोटेपणाचा विषय निघालाच तर ऐकून ठेव. व्हँकूवरजवळच्या रिचमंडमध्ये एक सल्लागार शेकडो गिऱ्हाइकांच्या पासपोर्टांवर खोटे शिक्के मारून त्यांचे दिवस ‘पुरे’ करून देत असे. २०१५ साली त्याला सात वर्षांची कैद झाली. त्याच्या गिऱ्हाइकांच्या फायली त्यानंतर एकेक करून उघडल्या गेल्या. अर्जात खोटं निघालं तर पाच वर्षं देशात यायला बंदी आहे, आणि दिवस कमी असण्यावर जी माणुसकीची वाट मिळते ती खोटारड्याला मिळणं फार अवघड. दिवस कमी असणं हा गुन्हा नाही, ते लपवणं हा आहे. सल्ला घ्यायचाच तर वकिलाचा घे, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशनच्या यादीत ज्याचं नाव सापडेल अशा सल्लागाराचा. ग्रोसरीच्या दुकानातल्या जाहिरातीवरून माणूस शोधू नकोस.

जानेवारीअखेरपर्यंत आणखी काय करायचं नाही? कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज करायचा नाही. तोही मोजणीचाच अर्ज. संपलेल्या कार्डानिशी इथे राहणं बेकायदा नाही, तुझा सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर, चालू राहतो, नोकरी चालू राहते. लँडिंगचा मूळ कागद मात्र तिजोरीत ठेव, तोच आता तुझा आधार. कुणाला स्पॉन्सर करायलाही जाऊ नकोस. ३१ जानेवारी उलटल्यावरही दुसऱ्या दिवशी धावू नकोस, महिना-दीड महिना जास्तीचा जाऊ दे. एखादी तारीख चुकली, प्राजक्ताच्या दुबईसारखं काही आठवलं नाही, तर तेवढी सूट हाताशी असावी. कार्ड यायला वेळ लागतो, आणि तोवर बाहेर पडायचं नाही.

त्यानंतर मात्र मोकळा. फेब्रुवारी २०२५पासून जमवलेले दिवस २०३०च्या जानेवारीअखेरपर्यंत तुझ्या खात्यात राहतात. मधे सहा महिने पुण्याला जाऊन राहिलास तरी कुणी काही म्हणणार नाही. तसाच इथे राहिलास तर ३१ जानेवारी २०२८ला तुझे १,०९५ होतात, तेवढे नागरिकत्वाला लागतात, शिवाय पाचातल्या तीन वर्षांचे टॅक्स भरलेले. नागरिक झालास की हा हिशेब कायमचा सुटला. पण मग भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही, आणि हवं तर ओसीआय कार्ड काढून घेता येतं. त्यावर तुझ्या आणि दादाच्या शब्दाला शब्द लागतील, मी मधे पडणार नाही.

राहता राहिला दादा. तू जाऊ शकत नाहीस तर दादा-वहिनी दोघांना इकडे आणू. तुझ्या नावाने नको, माझ्या नावाने. मी इथली नागरिक, सख्खी बहीण. आमंत्रणाचं पत्र मी देते, साधा व्हिजिटर व्हिसा मागायचा, मिळाला तर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. बायोमेट्रिक्स पुण्यातच व्हीएफएसकडे होतील, मुंबईची खेप नको. लग्न उरकल्यावर यायचं असेल तर अर्ज आत्ताच घालायला हवा. वहिनीच्या पासपोर्टची मुदत बघायला सांग, मागच्या वेळी तिचा सहा महिन्यांवर आला होता. आणि दादाचा आरोग्य विमा इथे येण्याआधी काढायचा, बायपासची नोंद न लपवता. व्हिसाला लागणारे कागद कोणते ते मी व्हॉट्सॲपवर वेगळे पाठवते, तू फक्त त्यांच्याकडून पासपोर्टाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मागवून घे.

— आत्या